नापास, आणि पुन्हा नापास: वाहनचालकाच्या लेखी परीक्षेचा इतिहास

'नापास' हा शब्द मराठीत कसा घडला याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. 'पास' इंग्रजी, 'ना' हा फारसीतून आलेला उपसर्ग. नाराज, नापसंत, नालायक यांच्या पंगतीत हा एक विलायती पाहुणा येऊन बसला आणि एकोणिसाव्या शतकातल्या परीक्षापद्धतीबरोबर घरोघर पोचला. त्याचा संस्कृत प्रतिशब्द 'अनुत्तीर्ण'. त्याच्या मुळाशी 'तॄ' हा धातू आहे. तरून पलीकडे गेला तो उत्तीर्ण. दोन्ही शब्द एकाच निकालपत्रावर वापरले जात असले तरी त्यांच्या छटा वेगळ्या आहेत. नापास हा माणसावर मारलेला शिक्का वाटतो. अनुत्तीर्ण हा शब्द मात्र फक्त माणूस कुठे आहे ते सांगतो: तो अजून अलीकडच्या तीरावर आहे, आणि पाण्यात पुन्हा उतरायला त्याला कुणाची हरकत नसावी.

वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी जी लेखी परीक्षा द्यावी लागते, ती तत्त्वतः या दुसऱ्या अर्थाची परीक्षा आहे. तिच्यात क्रमांक नाही, श्रेणी नाही, जागांची मर्यादा नाही. तरीही ती नापास होणाऱ्याला अपमानास्पद वाटते, कारण परीक्षा या संस्थेबद्दलच्या आपल्या कल्पना दुसऱ्याच घराण्यातून आलेल्या आहेत. ही परीक्षा पुन्हा देणाऱ्यांच्या बाजूने तिचा इतिहास पाहिला तर काय दिसते, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

ते दुसरे घराणे आधी पाहू. परीक्षेत वारंवार अपयशी ठरण्याची सर्वांत दीर्घ परंपरा चीनच्या शाही परीक्षांची. त्या १९०५ मध्ये बंद झाल्या, तोवर शेकडो वर्षे लाखो माणसांनी त्यांत आयुष्ये घालवली. भुताखेतांच्या आणि कोल्हिणींच्या कथांसाठी विख्यात असलेला फू सुंगलिंग (१६४०-१७१५) हा लेखक तरुणपणी पहिली पायरी ओलांडून गेला. पुढची प्रांतिक परीक्षा मात्र त्याला आयुष्यभर साधली नाही. अखेर १७११ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ज्येष्ठतेच्या आधारे त्याला एक मानाची पदवी मिळाली. या व्यवस्थेत नापास होणे अटळ होते, कारण पदे मोजकी होती आणि उमेदवार अगणित. आपल्याकडे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे तिच्यात उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीतले. सरकारी नोकरी आणि मॅट्रिकचे प्रमाणपत्र यांची सांगड पक्की होत गेली तसा 'मॅट्रिक नापास' हा समाजातला एक ओळखीचा वर्गच झाला. पुढे शालान्त परीक्षेच्या 'ऑक्टोबरच्या वाऱ्या' आणि महाविद्यालयातली 'एटीकेटी' यांनी पुनर्परीक्षेला थोडी विनोदी, थोडी केविलवाणी अशी भाषा दिली. या सर्व परीक्षा निवडीच्या होत्या. चाळणीतून कोण खाली पडतो यावर वर कोण राहतो हे ठरत होते.

मोटारीच्या परवान्याची सुरुवात परीक्षेने झालीच नाही. कार्ल बेंझला १८८८ मध्ये आपली गाडी रस्त्यावर आणण्यासाठी स्थानिक राजसत्तेचे परवानगीपत्र घ्यावे लागले. ते यंत्राच्या आवाजाबद्दल आणि वासाबद्दल कुरकुर करणाऱ्या शेजाऱ्यांसाठी होते, चालकाच्या कौशल्याशी त्याचा संबंध नव्हता. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ च्या हुकुमाने चालकाची योग्यता तपासण्याची पद्धत सुरू केली. प्रशियाने १९०३ मध्ये परीक्षा सक्तीची केली. त्याच वर्षी ब्रिटनने मोटार कार कायदा केला खरा, पण पाच शिलिंग भरले की परवाना हाती येई. गाडी चालवता येते की नाही हे कोणी विचारत नसे. परवाना म्हणजे नोंद, योग्यतेची ग्वाही नव्हे, ही समजूत तिथे पुढची तीन दशके टिकली.

पुढच्या घडामोडींचा क्रम साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखा आहे. १९३० च्या ब्रिटिश रस्ता वाहतूक कायद्याने मोटारींवरची वेगमर्यादा काढून टाकली आणि तिच्या जागी एक पुस्तक दिले. १९३१ मध्ये 'हायवे कोड' ही एक पेनी किमतीची पुस्तिका निघाली. सभ्य माणसांना पुस्तक दिले की ते वाचतील आणि वाचले की तसे वागतील, हा त्या काळच्या राज्यकर्त्यांचा विश्वास होता. तो खोटा ठरला. १९३४ या एका वर्षात ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली आणि २ लाख ३१ हजारांहून अधिक जखमी झाली. आणि तेव्हा देशात सारी मिळून चोवीस लाखांच्या आसपास वाहने होती. त्याच वर्षी वाहतूकमंत्री झालेल्या लेस्ली होर-बेलिशा यांच्या कारकिर्दीत वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आली आणि परीक्षाही आली. १९३५ च्या मार्चमध्ये ती ऐच्छिक होती. १ जून १९३५ पासून, १ एप्रिल १९३४ नंतर गाडी चालवू लागलेल्या प्रत्येकाला सक्तीची झाली. म्हणजे ग्रंथ आधी, परीक्षा चार वर्षांनी. नुसते वाचन पुरत नाही असे दिसल्यावर वाचले की नाही हे विचारणारा परीक्षक नेमावा लागला.

परीक्षेचे शुल्क साडेसात शिलिंग होते. केंद्रे नव्हती, परीक्षक उमेदवाराला एखाद्या बागेपाशी किंवा रेल्वे स्टेशनापाशी भेटत असे. पहिल्या वर्षी सुमारे २ लाख ४६ हजार अर्ज आले आणि उत्तीर्णांचे प्रमाण ६३ टक्के होते. याचा अर्थ परीक्षा दिलेल्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक माणसे नापास झाली. शाळा सोडून कित्येक वर्षे लोटलेल्या, पदरी संसार असलेल्या प्रौढांना राज्यसंस्थेने पुन्हा बाकावर बसवले, आणि त्यांतल्या पुष्कळांना पुन्हा यायला सांगितले. प्रौढांचे नापास होणे ही नित्याची, जवळजवळ घरगुती बाब होण्याची सुरुवात इथे झाली असे म्हणता येईल.

ही परीक्षा किती अनिवार्य मानायची, याबद्दल राज्यसंस्थेचे मत मात्र गरजेप्रमाणे बदलत राहिले. महायुद्ध सुरू होताच, २ सप्टेंबर १९३९ रोजी, ती स्थगित झाली ती १ नोव्हेंबर १९४६ पर्यंत. युद्धकाळात तात्पुरत्या परवान्यावर गाडी चालवणाऱ्यांना १९४७ मध्ये वर्षभर अशी सवलत मिळाली, की त्यांनी परीक्षेविनाच पूर्ण परवाना घ्यावा. पुढे सुएझच्या पेचप्रसंगात, नोव्हेंबर १९५६ ते एप्रिल १९५७ या काळात, परीक्षा पुन्हा थांबल्या; परीक्षकांना पेट्रोलच्या शिधावाटपाच्या कामी लावले आणि शिकाऊ चालकांना सोबत्याविना गाडी चालवायची मुभा दिली. १९३९ च्या ऑगस्टमध्ये नापास झालेला माणूस आणि पुढे एकही परीक्षा न देता परवाना मिळवणारा त्याचा शेजारी यांच्या योग्यतेत काय फरक होता, हा प्रश्न कोणत्याही परीक्षेच्या अभ्यासकाला छळणारा आहे.

या सगळ्या काळात 'लेखी' परीक्षा अशी नव्हतीच. प्रत्यक्ष गाडी चालवून झाल्यावर परीक्षक गाडीतच बसून हायवे कोडावर चार प्रश्न विचारी, काही चिन्हे दाखवी. उत्तर तोंडी असे, त्यामुळे ते अडखळत देता येई, परीक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहून सुधारता येई. ही पद्धत एकसष्ट वर्षे चालली. युरोपीय समुदायाच्या १९९१ च्या निर्देशामुळे १ जुलै १९९६ पासून स्वतंत्र सैद्धांतिक परीक्षा आली: ३५ प्रश्न, प्रत्येकापुढे पर्याय. २००० सालापासून कागद जाऊन संगणकाचा पडदा आला. नोव्हेंबर २००२ मध्ये धोका ओळखण्याची चित्रफितींची परीक्षा तिला जोडली गेली. २००७ मध्ये प्रश्न ५० झाले आणि त्यांतले ४३ बरोबर यावे लागू लागले. चित्रफितींच्या भागात ७५ पैकी ४४ गुण हवेत. दोन्ही भाग एकाच वेळी जिंकावे लागतात. एकात नापास झाल्यास दोन्ही पुन्हा द्यावे लागतात. पुढची तारीख किमान तीन कामाच्या दिवसांनंतरची मिळते आणि २३ पौंडांचे शुल्क दर खेपेस नव्याने भरावे लागते.

तोंडी प्रश्न जाऊन पर्याय आले, हा बदल वरवर तांत्रिक वाटतो. पण पर्यायी प्रश्नाचा जन्म कशासाठी झाला ते पाहिले, की त्याचे गांभीर्य कळते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने शिक्षकांच्या गुणदानातल्या तफावतीचा अभ्यास केला. एकाच उत्तराला दोन शिक्षक दोन टोकांचे गुण देतात, हे त्याला खुपत होते. त्यावर उपाय म्हणून त्याने १९१५ च्या सुमारास ज्या परीक्षेत ठरावीक पर्यायांची पद्धत वापरली, ती मूकवाचनाची परीक्षा होती. दोन वर्षांनी अमेरिकन सैन्याने भरतीच्या उमेदवारांना हीच पद्धत लावली आणि तिथून ती जगभर पसरली. म्हणजे आज परवान्याच्या पडद्यावर दिसणारा प्रश्न मुळात वाचनक्षमता मोजण्यासाठी घडवलेला साचा आहे. त्या साच्यात वाहतुकीचे ज्ञान ओतले, तरी साचा आपले मूळ काम थोडेफार करतच राहतो.

एक साधे उदाहरण घ्या. आपल्याकडच्या शिकाऊ परवान्याच्या प्रश्नसंचात एकेरी रस्त्याबद्दल एक प्रश्न आहे: तिथे वाहन उभे करणे वर्ज्य, ओव्हरटेक करणे वर्ज्य, की वाहन मागे घेत चालवणे वर्ज्य? उत्तर तिसरे. वीस वर्षे टेम्पो चालवणारा माणूस एकेरी रस्त्यावर मागे येत नाही, कारण समोरून येणाऱ्या ट्रकने त्याला ते कधीच शिकवलेले असते. पण तिन्ही पर्याय थोडेथोडे खरे वाटतात, आणि त्यांतला 'सर्वांत बरोबर' निवडण्याची सवय वाचणाऱ्याची असते, चालवणाऱ्याची असेलच असे नाही. नियमग्रंथाच्या भाषेतही हीच अडचण आहे. ब्रिटिश हायवे कोडात कायद्याने बंधनकारक असलेली वाक्ये आणि केवळ सल्ला देणारी वाक्ये यांत एका सहायक क्रियापदाचा फरक असतो. मराठीत सांगायचे तर 'केलेच पाहिजे' आणि 'करावे' यांतला. ज्याला तो फरक जाणवत नाही तो चांगला चालक असू शकतो, पण चांगला परीक्षार्थी होणे त्याला जड जाते.

मग तो पाठांतराकडे वळतो. गाईडे आणि 'अपेक्षित' प्रश्नसंच यांवर वाढलेल्या महाराष्ट्राला हे सांगायला नको. ब्रिटनमध्येही पूर्ण प्रश्नपेढी प्रसिद्ध होत असे आणि उमेदवार ती तोंडपाठ करत. जानेवारी २०१२ पासून प्रत्यक्ष परीक्षेतले प्रश्न छापणे बंद झाले, ते या पोपटपंचीला आळा घालण्यासाठीच. अलीकडच्या वर्षांत तिथे ही परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी राहिले आहे. आज तिथल्या कोणत्याही परीक्षाकेंद्रात शिरले तर बाहेर पडणाऱ्यांत नापासांचीच संख्या अधिक असेल. १९३५ च्या पहिल्या वर्षाशी तुलना करता, पुन्हा येणे हा आता अपवाद राहिलेला नाही.

पाठांतराची परमावधी दक्षिण कोरियात झाली. भाजी विकणाऱ्या एका वृद्ध स्त्रीने २००५ मध्ये लेखी परीक्षा द्यायला सुरुवात केली. उत्तीर्ण व्हायला शंभरातले साठ गुण पुरे होते. ते तिला नोव्हेंबर २००९ मध्ये, ९५० व्या प्रयत्नात मिळाले. प्रत्यक्ष चालवण्याच्या परीक्षेला आणखी दहा प्रयत्न लागले आणि २०१० च्या मे महिन्यात, ६९ व्या वर्षी, परवाना हाती आला. तिच्या देशाने तिचे कौतुक केले, एका मोटार कंपनीने तिला गाडी दिली आणि जाहिरातीत झळकवले. जगभरच्या वृत्तपत्रांनी ही चिकाटीची गोष्ट म्हणून छापली. ती तशी आहेच. पण तिच्यात एक दुसरी गोष्टही दडलेली आहे. नऊशे एकोणपन्नास वेळा एक माणूस त्याच दारातून परत जातो, तेव्हा परीक्षेने त्याला काय शिकवले? निकाल कळला, चूक कुठे झाली हे समजावणारे कोणी होते का? चिकाटीचे गुणगान करताना आपण शिकवण्याची जबाबदारी संपूर्णपणे शिकणाऱ्यावर टाकतो.

भाषेचा प्रश्न याहून अवघड आहे. ब्रिटनमध्ये इंग्रजी आणि वेल्श यांखेरीज आणखी १९ भाषांत प्रश्न ऐकण्याची सोय काही वर्षे होती. त्यांत हिंदी, गुजराती, पंजाबी, बंगाली, तमिळ, उर्दू, काश्मिरी होत्या, मराठी नव्हती. ७ एप्रिल २०१४ पासून ही सोय काढून घेतली गेली. रस्त्यांवरच्या सूचना इंग्रजीत असतात, भाषांतराच्या आडून फसवणूक होते, आणि खर्चही होतो, अशी कारणे दिली गेली. त्यांत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. पण त्या दिवसानंतर गुजराती भाषक आजी जेव्हा नापास झाली असेल, तेव्हा ती रस्त्याच्या नियमांत नापास झाली की इंग्रजीत, हे तिच्या निकालपत्रावरून कोणालाही सांगता येणार नव्हते. वाचनदोष असलेल्यांना मात्र तिथे जादा वेळ आणि ध्वनिमुद्रित प्रश्न यांची सोय आजही आहे. न वाचता येण्याचे एक कारण क्षम्य आणि दुसरे अक्षम्य, अशी ही विभागणी आहे.

आपल्याकडे १९१४, १९३९ आणि १९८८ असे मोटार वाहन कायदे झाले. १९८९ च्या केंद्रीय नियमांनी शिकाऊ परवान्यासाठी प्राथमिक परीक्षा घालून दिली. वाहतुकीची चिन्हे व नियम, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, फाटकावर माणूस नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवरची दक्षता आणि जवळ बाळगायची कागदपत्रे, असे तिचे चार विषय. साठ टक्के उत्तरे बरोबर हवीत. पंधरा प्रश्न असतील तर नऊ. लोकांनी या व्यवस्थेला 'कच्चं लायसन' आणि 'पक्कं लायसन' अशी सुंदर नावे दिली. मातीच्या भांड्याला किंवा फळाला लावावीत अशी ही विशेषणे आहेत, आणि त्यांत काळाचा, पिकण्याचा विचार आहे. पक्क्या परवान्याच्या परीक्षेबाबत कायद्याचे नववे कलम सांगते की नापास झालेल्याने सात दिवसांनी पुन्हा यावे. तीनदा नापास झाल्यास मात्र साठ दिवस थांबावे. २०१९ च्या दुरुस्तीने याला एक महत्त्वाची जोड दिली: तीनदा अपयशी ठरलेल्याने मधल्या काळात पूरक प्रशिक्षण घ्यावे. म्हणजे प्रतीक्षेचा काळ शिक्षा म्हणून नुसता कंठायचा नाही, तो शिकण्यासाठी आहे, हे निदान कागदावर तरी मान्य झाले. त्याच वर्षी वाहतूक वाहनांच्या चालकांसाठी असलेली आठवी उत्तीर्ण असण्याची अटही नियमांतून वगळली गेली. शाळेतला नापास आणि रस्त्यावरचा नापास एकच नव्हेत, ही कबुली त्यात होती.

जून २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देता येऊ लागली. हेलपाटे वाचले, दलालांची गरज कमी झाली; पण पडद्यापुढे बसून उत्तरे देणारा आणि उद्या गाडी चालवणारा एकच आहे का, ही शंकाही घरोघर पोचली. जिथे नापास होणेच जवळजवळ अशक्य होते, तिथे परीक्षा १९०३ च्या पाच शिलिंगांच्या परवान्याकडे परत जाते.

नापासांविषयीची सहानुभूती इथे थांबून तपासली पाहिजे. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे सरकारी आकडे सांगतात. त्यांत पायी चालणारे होते, सायकलीवरचे होते, ज्यांनी कसलीच परीक्षा दिली नव्हती आणि जे कुठल्याच परीक्षेत नापास झाले नव्हते असे होते. परवान्याची परीक्षा त्यांच्या वतीने घेतली जाते. तेव्हा ती सोपी करा, ही मागणी मला मान्य होण्यासारखी नाही. मागणी असली तर ती वेगळी आहे: जे मोजायचे तेच मोजा, आणि जो पोचला नाही त्याला कुठे बुडालो ते कळू द्या. निवडीच्या परीक्षेत नापास झालेला माणूस दुसऱ्यासाठी जागा मोकळी करतो. इथे तसे नाही. तो नापास राहिला म्हणून कोणाचा लाभ होत नाही. तो शिकून उत्तीर्ण झाला तर मात्र रस्त्यावरच्या प्रत्येकाचा होतो.

म्हणूनच सात दिवस, साठ दिवस, तीन कामाचे दिवस या तरतुदींकडे मला या इतिहासातली सर्वांत बोलकी वाक्ये म्हणून पाहावेसे वाटते. परीक्षा घेणारा समाज नापासाला काय समजतो, हे प्रश्नपत्रिकेपेक्षा या मधल्या दिवसांत अधिक दिसते. ते दिवस रिकामे असतील तर पुनर्परीक्षा ही सोडत होते, आणि सोडतीत कधी ना कधी नंबर लागतोच. ते भरलेले असतील तर दुसऱ्यांदा येणारा उमेदवार पहिल्यांदा आलेल्याहून अधिक जाणून येतो. परवान्यावर नाव असते, जन्मतारीख असते, रक्तगट असतो; कितव्या खेपेला उत्तीर्ण झाला, हे लिहिलेले नसते. ते रास्तच आहे. मात्र ते रकान्यात नाही म्हणून त्याची चौकशीच करू नये, असे नाही. ती चौकशी परवाना देणाऱ्यांनी स्वतःकडे करायची आहे: हा माणूस इतक्या वेळा आमच्याकडे आला, आम्ही त्याला दर वेळी काय देऊन परत पाठवले?